परक्याचे गाणे

मोठी दुःखे आमच्या वाङ्मयास कधीच परकी नव्हती. वियोग, दारिद्र्य, मरण यांविषयी कवींनी पोटभर लिहिले आणि तत्त्वज्ञांनी त्यांवर उतारेही सांगून ठेवले. परंतु ज्या लहानसहान उपद्रवांनी माणसाचा दिवस प्रत्यक्षात नासतो, त्यांची दखल घेणे शास्त्रकारांस कमीपणाचे वाटले असावे. घरात मृत्यू झाला तर गीतेचा दुसरा अध्याय आठवतो. वरच्या मजल्यावर रोज रात्री कोणी खुर्ची ओढतो तेव्हा कोणताच अध्याय आठवत नाही, नुसता राग येतो, आणि एवढ्याशा कारणासाठी आपण रागावलो याची लाज त्या रागात भर घालते.

तथापि माणसांचे परस्परांशी खरे नाते काय आहे हे तपासावयाचे झाल्यास मोठ्या संकटांपेक्षा हे क्षुद्र उपद्रवच अधिक उपयोगी पडतात, असे आम्हांस वाटते. संकटात माणूस बहुधा बरा वागतो. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा मोटारीची वाट नसलेला तो डोंगर भर पावसात, अंधारात माणसे पायी चढून गेली. त्यांना कोणी नीतिशास्त्र शिकविले नव्हते. परंतु हीच माणसे, किंवा अगदी यांच्यासारखीच, सकाळी गाडीत बसतात, हातातील यंत्रावर गाणे लावतात, आणि शेजारच्या माणसास ते ऐकावयाचे आहे की नाही हा प्रश्न त्यांच्या मनास शिवतही नाही. दरडीखालच्या अनोळखी माणसासाठी जीव धोक्यात घालणारा मनुष्य बाकावरच्या अनोळखी माणसासाठी आवाज का कमी करीत नाही? हे कोडे दिसते तितके हलके नाही.

कर्जत हे या विचारास सोयीचे ठिकाण आहे. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. घाट चढणाऱ्या बहुतेक गाड्या आजही कर्जतला थांबून मागून जादा इंजिने जोडून घेतात, आणि तेवढ्या अवकाशात फलाटावर वडे विकणाऱ्यांचा जो गलबला उडतो तो दहापंधरा मोबाइलांना सहज मागे टाकील. त्याविरुद्ध कोणी तक्रार केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. दुसऱ्या बाजूस मुंबई. कर्जतहून तिचे टोक सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे लोकलने दोन तासांच्या आसपास. खोपोलीहून निघणाऱ्यास त्याहून अधिक. नोकरदार मनुष्य जाताना दोन आणि येताना दोन असे चार तास त्या डब्यात काढतो. त्याची अपुरी झोप, त्याचे वर्तमानपत्र, त्याचा घरचा हिशेब आणि त्याचे दिवसाचे एकुलते एक स्वस्थ चिंतन या चार तासांत बसवावे लागते. तेव्हा तेथे वाजणारे परक्याचे गाणे ही दिसते तेवढी किरकोळ बाब नव्हे. ज्याच्यापाशी दुसरा वेळच नाही त्याच्या वेळात केलेली ती घुसखोरी आहे. एकाचे यंत्र कीर्तन सांगत असते, दुसऱ्याचे विनोद सांगत असते, तिसऱ्याच्या यंत्रात अर्ध्या मिनिटाचा गाण्याचा एकच तुकडा संपून पुनःपुन्हा सुरू होतो. आणि वाजविणारा स्वतः खिडकीबाहेर पाहत असतो!

आता याच मार्गावर भजनी मंडळ्याही आहेत, आणि त्यांची परंपरा मोबाइलाहून कितीतरी जुनी आहे. त्यांची गाडी ठरलेली, डबा ठरलेला. पिशवीतून टाळ निघतात, डब्याचा पत्रा पखवाजाचे काम करतो, आणि चाकांच्या खडखडाटावर मात करील अशा आवाजात अभंग सुरू होतो. दसऱ्याला त्याच डब्यास तोरण बांधून पूजा होते. आवाजाचे माप घेतले तर एका मंडळीपुढे डब्यातील सारे मोबाइल फिके पडतील. तरीही मोबाइलवाल्याविषयी जो तिटकारा वाटतो तो भजनवाल्याविषयी बहुतेकांस वाटत नाही. हा भेद न्यायाचा आहे काय?

झटकन सुचणारे पहिले उत्तर असे की, अभंग उत्तम आणि मोबाइलावरची गाणी भिकार. हे उत्तर आम्ही शिकलेल्या लोकांस फार गोड लागते, आणि म्हणूनच ते टाकून दिले पाहिजे. त्याच मोबाइलावर भीमसेन जोशी लावले तरी वाचणाऱ्याचे वाचन मोडावयाचे ते मोडतेच; उलट ज्याला त्यांचे गाणे प्रिय आहे त्याला ते असे टिनपाट आवाजात ऐकणे अधिकच जाचक होते. दुसरे उत्तर धर्माचे: देवाचे नाव कानी पडते, तक्रार कसली? परंतु डब्यात अन्य धर्माचे लोक असतात, कोणताही धर्म न मानणारेही असतात. आणि तोच अभंग पहाटे कर्ण्यावरून गावावर सोडला म्हणजे मोठमोठे भाविकही कानांवर उशी दाबून घेतात. तेव्हा पावित्र्याने हा प्रश्न सुटत नाही.

आमच्या मते भेद आहे तो निराळाच. भजन म्हणणाऱ्यास स्वतःचा गळा खर्चावा लागतो. तो दमतो; दमला म्हणजे थांबतो. तो तुमच्याकडे पाहतो, टाळ पुढे करतो, बेसूर का होईना पण तुम्ही साथ करावी अशी त्याची इच्छा असते. नको असल्यास तसे सांगता येते, कारण सांगावयास समोर माणूस आहे. वडे विकणाराही असाच: त्याची आरोळी तुम्हांला उद्देशून आहे. मोबाइलवाल्याच्या हिशेबात मात्र तुम्ही नाहीच. तो तुमच्यावर गाणे लादतो असेही म्हणता येत नाही, कारण लादण्यासाठी आधी समोरच्याचे अस्तित्व मान्य करावे लागते. त्या आवाजाने जो अपमान होतो तो कानाचा नव्हे. आपण तेथे बसलोच नव्हतो असे कोणी वागले म्हणजे जो होतो तो आहे. दरडीचे कोडेही येथेच थोडेसे उकलते. दरडीखालचा माणूस आरोळी मारतो, म्हणून तो दिसतो. बाकावरचा मुकाट्याने बसलेला असतो.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञांपैकी या विषयास हात घालण्याचे धाडस इमान्युएल कांट याने केले. १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सौंदर्यविचाराच्या ग्रंथात संगीतास सभ्यता कमी, असा ठपका त्याने ठेवला आहे. चित्र नको असल्यास मान फिरविता येते. गाणे मात्र शेजाऱ्याच्या घरात न विचारता शिरते. भर सभेत खिशातून अत्तराचा रुमाल काढणाऱ्याशी त्याने गाण्याची तुलना केली आहे. या तुलनेमागे स्वानुभव होता. क्यॉनिग्झबर्ग येथील त्याच्या घराजवळच्या तुरुंगात कैदी मोठ्याने स्तोत्रे म्हणत, आणि त्याविरुद्ध त्याने १७८४ साली नगराच्या अधिकाऱ्याकडे तक्रार नेली होती. शुद्ध बुद्धीची मीमांसा करणारा एवढा थोर पुरुष कैद्यांच्या प्रार्थनेने हैराण झाला हे वाचून पुष्कळांस हसू येते. आम्हांस त्याचे कौतुक वाटते, कारण क्षुल्लक त्रासास त्याने तत्त्वज्ञानात जागा दिली. परंतु त्याच्या विचारात एक उणीव राहिली. त्याने ऐकणाऱ्याचे स्वातंत्र्य पाहिले. ऐकणारा कोणामुळे ऐकणारा झाला हे पाहिले नाही. त्याकडे आम्ही पुढे वळू.

कायदाही या वाटेने फिरून आला आहे. वॉशिंग्टन शहरात १९४८ साली ट्रामगाड्यांत आणि बसगाड्यांत कंपनीने रेडिओ बसविले. दोघा उतारूंनी दाद मागितली आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५२ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र विरुद्ध मत नोंदविले, आणि न्यायमूर्ती फ्रँकफर्टर हे तर या रेडिओचा आपणांस स्वतःलाच इतका जाच होतो की निःपक्षपाताची खात्री देता येत नाही, असे सांगून खटल्यातून बाजूस झाले. न्यायाधीशाने यापेक्षा प्रांजळ काही लिहिल्याचे आम्हांस माहीत नाही. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई, आणि राहत्या वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. जुलै २००५ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने असे तत्त्व सांगितले की, बोलण्याचा हक्क एकास आहे तसा न ऐकण्याचा हक्क दुसऱ्यास आहे, आणि कर्ण्याने आवाज वाढवून सांगण्याचा मूलभूत हक्क कोणासच नाही.

न ऐकण्याचा हक्क! शब्द मोठा आकर्षक आहे, आणि न्यायालयाशी आमचा वाद नाही. तथापि एक प्रश्न मनात राहतो. हा हक्क आम्हांस जन्मापासून पूर्णपणे मिळाला असता, तर आमच्या स्मरणात आज कोणती गाणी असती?

पन्नाशी उलटलेल्या कोणत्याही मराठी माणसाने आपल्यास पाठ असलेली गाणी मोजून पाहावी. आपण होऊन, मुद्दाम ऐकलेली त्यांत थोडी निघतील. बाकीची शेजारच्या रेडिओने दिली, गणपतीच्या मांडवाने दिली, एस्‌टीच्या थांब्यावरील उपाहारगृहाने दिली, आजीच्या पहाटेच्या पुटपुटण्याने दिली. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने गीतरामायण सुरू केले. माडगूळकरांची छप्पन्न गीते, फडक्यांच्या चाली, आणि वर्षभर चाललेला क्रम. त्या काळी रेडिओ घरोघर नव्हता. ज्याच्या घरी होता त्याच्या दारात आळी जमे. त्या आळीतील प्रत्येकाने निवड करून ते ऐकले काय? पोरे खेळता खेळता ऐकत होती, बायका भांडी घासता घासता. ज्यास रामकथेचे मुळीच प्रेम नव्हते त्याच्याही कानात ते उरले. सगळ्या पिढीस एकच गाणे येते याचे कारण त्या पिढीस ते टाळता आले नाही, हे होय.

(वरून लादलेली अभिरुची निराळी. नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ, गाण्याचे जाणकार; १९५२ नंतर त्यांनी चित्रपटगीतांस आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले, आणि श्रोत्यांनी गुपचूप खुंटी फिरवून सिलोन लावले. शेवटी १९५७ साली विविध भारती काढून सरकारास तडजोड करावी लागली. शेजाऱ्याचा रेडिओ लोकांनी सोसला, मंत्र्याचा सोसला नाही.)

या दृष्टीने कर्जत-खालापुराकडील एक गोष्ट आम्हांस फार विचार करावयास लावते. येथील आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारीण लावते. ती गावातीलच प्रौढ स्त्री. तिच्यापुढे पोथी नसते. मांडवापासून पुढच्या एकेका विधीची गाणी, म्हणजे धवले, तिला मुखोद्गत असतात, आणि ती गाणी हाच त्या लग्नाचा मंत्रपाठ. तेराव्या शतकातील महानुभाव कवयित्री महदाइसा हिने रुक्मिणीच्या विवाहाचे ‘धवळे’ रचले. मराठीतील आद्य कवयित्रीचे काव्य म्हणून ते आम्ही महाविद्यालयांतून शिकवितो, त्यावर प्रश्न काढतो, विद्यार्थी त्याच्या टिपा पाठ करतात. तोच शब्द आणि तीच प्रथा आमच्या वर्गापासून काही मैलांवर जिवंत आहे, याची जाणीव त्या विद्यार्थ्यांस क्वचितच असते, आणि त्यांना शिकविणाऱ्यांसही बेताचीच.

आता प्रश्न असा की, धवलारीण धवले शिकली कोठे? कोणत्याही शाळेत नव्हे. लग्नघरी ती लहानपणी आजीच्या किंवा मावशीच्या मांडीला मांडी लावून बसली होती, दुसरे करण्यासारखे काही नव्हते, कंटाळा आला होता, आणि त्या कंटाळ्यात शंभर वेळा ऐकलेले धवले तिच्यात मुरले. तिच्याबरोबर बसलेल्या दहा मुलींपैकी एक पुढे धवलारीण झाली, आणि उरलेल्या नऊ जणी तिची चूक ओळखू शकतील एवढ्या जाणत्या झाल्या. स्मरण हे एकट्याचे काम नव्हे. चूक ओळखणारे नऊ जण नसतील तर दहावीचे पाठांतर फार दिवस शुद्ध राहत नाही.

आज हळदीच्या रात्री त्याच मांडवाशेजारी डीजेच्या पेट्या रचलेल्या असतात. त्यांतून जो आवाज निघतो तो कानांपेक्षा छातीला अधिक कळतो. धवलारीण गात असते, तिचे ओठ हलताना दिसतात, एवढेच. हा तिचा एक शत्रू झाला, आणि त्यास सर्वजण ओळखतात. दुसरा शत्रू मात्र अत्यंत सभ्य आहे. कोपऱ्यात बसलेल्या मुलीने कानांत इअरफोन घातले आहेत. ती कोणास त्रास देत नाही, कोणाचा करून घेत नाही. कांटने तिला शाबासकी दिली असती, न्यायालयानेही दिली असती. तिचा न ऐकण्याचा हक्क तिने पुरेपूर बजावला आहे. आणि तिच्यापाशी येऊन धवले थांबतात.

यावर कोणी म्हणेल, ध्वनिमुद्रण करून ठेवा म्हणजे झाले. करावेच, आम्हीही तो आग्रह धरू. परंतु जतन करणे आणि आठवणे यांत अंतर आहे. अल्लादियाखाँ १९४६ साली वारले, भास्करबुवा बखले १९२२ साली. दोघांचेही गाणे तबकडीवर उरलेले नाही. तरी महाराष्ट्रात गाणे समजणाऱ्या माणसास ही नावे परकी नाहीत, कारण ते गाणे शिष्यांच्या गळ्यांत उतरले आणि शिष्यांनी ते भांडत, बदलत पुढे नेले. अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकर. ध्वनिमुद्रणास त्या फारशा राजी नसत. त्यांनी गायिलेली भैरवीतील एक चीज १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीत घातली गेली. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. त्यांपैकी पहिले यान २०१२ साली सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधील पोकळीत गेले. यापेक्षा सुरक्षित जतन मनुष्याने कशाचेही केलेले नाही. मात्र तेथे टाळी चुकली असे सांगणारा कोणी नाही.

मग आमचे मत काय, असे वाचक विचारील. गोंगाट सोसावा काय? आम्ही भजनी मंडळीच्या बाजूचे आहोत हे लपवीत नाही. परंतु तिलाही मोकळे सोडता येत नाही. खोपोलीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून एखादा कामगार डोंबिवलीला घरी चालला आहे, त्याच्या डोळ्यांत झोप मावत नाही, आणि नेमका तोच डबा त्याच्या वाट्यास आला. तेथे टाळकऱ्याच्या शंभर वर्षांच्या परंपरेपेक्षा त्या माणसाची तासाभराची झोप आम्ही मोठी मानू. मंडळीतील एखादा जाणता ‘काका, पलीकडच्या डब्यात जरा शांतता आहे, येता का, जागा करून देतो’ एवढे म्हणाला तरी पुरे. न म्हणाला तर त्याच्यात आणि मोबाइलवाल्यात आम्ही वर केलेला भेद उरत नाही. धवलारणीच्या कोपऱ्यातील मुलीसही हेच लागू. तिचे इअरफोन हिसकावून घेण्याचा अधिकार कोणास नाही. तिला हाक मारून जवळ बसविण्याचा मात्र आजीस आहे. ती उठून आली नाही तरी तिला हाक ऐकू गेली पाहिजे, आणि त्यासाठी पेट्यांचा आवाज कोणीतरी घटकाभर उतरविला पाहिजे.

अवघड जागा दुसरीच आहे. तक्रार करण्याची सोय कोणास आहे, हा प्रश्न या साऱ्या चर्चेत आम्ही शिकलेले लोक सहसा विचारीत नाही. कांटची ओळख नगराच्या अधिकाऱ्याशी होती, कैद्यांची नव्हती. वॉशिंग्टनचे दोघे उतारू न्यायालयात जाऊ शकले. कर्जत तालुक्यात उल्हास नदीच्या काठाने आणि आडबाजूच्या डोंगरउतारांवर गेल्या काही दशकांत फार्महाऊसांची रांग उठली आहे. शनिवारी शहरातून मंडळी येतात, आणि रात्री दहा वाजल्यानंतरही नृत्यसंगीत चालू राहते. त्यांनाही शहरात आठवडाभर परक्यांचे गाणे सोसावे लागलेले असते. त्याचा सूड ते येथे उगवीत असतील, कोण जाणे. कुंपणाबाहेर ठाकरवाडी असते, कातकऱ्यांच्या झोपड्या असतात. त्यांतील एखाद्याने पोलिसांस कळवावे असे कायदा म्हणतो. परंतु त्याच बंगल्याचा राखणदार त्याचा भाऊ असतो, भांडी घासावयास त्याची बायको जाते, आणि पुष्कळदा जमीनही कधीकाळी त्याच गावातल्याची असते. त्याचा न ऐकण्याचा हक्क पूर्ण शाबूत आहे. तो बजाविला तर सोमवारपासून चूल कशी पेटवावी, एवढेच त्यास कळत नाही. गाडीत आम्ही मोबाइलवाल्यास ‘जरा आवाज कमी करता का’ असे म्हणू शकतो. तो फार तर दोन शब्द बोलेल. या माणसास तेही म्हणता येत नाही.

रविवारी सकाळी सहा वाजता नियमाप्रमाणे ध्वनिक्षेपक पुन्हा लावता येतो. त्या वेळी बंगल्यात सारे निजलेले असतात, म्हणून तो लावला जात नाही. राखणदार अंगणातील बाटल्या गोळा करीत असतो, आणि आतल्यांची झोप मोडू नये म्हणून एकेक बाटली अगदी अलगद पोत्यात ठेवतो.